हे पेन मला विकून दाखवा

मागच्या जूनमध्ये मी पहिल्यांदा मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसलो. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला. माझं काम कोड लिहिण्याचं. आमची छोटीशी कंपनी किराणा, हार्डवेअर, स्टेशनरी अशा दुकानांसाठी बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते. ऑफिस साकीनाका मेट्रो स्टेशनपासून चालत सातेक मिनिटांवर, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. खाली खोक्यांचा गाळा, वर आम्ही. हे सॉफ्टवेअर विकायला घाटकोपर, मुलुंड, बोरिवली असं बाईकवर फिरणारी मुलंमुली लागतात. ती दर सहा महिन्यांनी सोडून जातात आणि मग पुन्हा वॉक-इन लागतो. या वेळी सेल्स हेड म्हणाले, "तू पण बस रे. कोणाला प्रॉडक्ट कळतंय एवढंच बघ, बाकीचं मी बघतो."

दिवसभरात अकरा जण आले. पावसाचे दिवस, अंधेरी-कुर्ला रोडवर नेहमीचा चिखल आणि नेहमीचा ट्रॅफिक. दोघांनी फॉर्मल बूट पिशवीतून आणले होते आणि खाली जिन्यात चपला बदलल्या, हे मी वरून पाहिलं. सेल्स हेडनी प्रत्येकाला बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि आपल्या खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"हे पेन मला विकून दाखवा."

अकरापैकी आठ जणांनी एकच उत्तर दिलं. पेन उचलून आपल्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "सर, जरा या कागदावर तुमचं नाव लिहा ना." सर म्हणाले, "पेन कुठाय?" ते म्हणाले, "माझ्याकडे आहे सर, विकत घेणार?" आणि दोघं हसले. आठ वेळा तोच विनोद, आठ वेळा तेच हसू. मी तिसऱ्या वेळेपासून कागदावर त्रिकोण काढत होतो.

उत्तर कुठून आलं हे तुम्हाला माहीत असणारच. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'मध्ये (२०१३) जॉर्डन बेलफर्ट, म्हणजे लिओनार्दो डिकॅप्रिओ, एका खानावळीत आपल्या मित्रांसमोर पेन धरतो आणि विकून दाखव म्हणतो. ब्रॅड नावाचा मित्र, जो गल्लीत अमली पदार्थ विकतो, त्याला नाव लिहायला सांगतो. मागणी आणि पुरवठा, धडा संपला. मिनिटभराचा तो तुकडा रीलमध्ये कापून गेली काही वर्षं आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. खाली हिंदीत, मराठीत समजावून सांगणारे शर्ट-टायवाले गुरू. वर "इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आला तर हे उत्तर द्या."

आता मुद्दा असा की रील जे सांगते ते सिनेमा सांगत नाही. तीन तासांचा हा सिनेमा त्याच प्रश्नावर संपतो. बेलफर्ट तुरुंगात जाऊन आलेला आहे आणि न्यूझीलंडमध्ये विक्रीचं प्रशिक्षण देतोय. पुढच्या रांगेतल्या एकेकाच्या हातात पेन देऊन तोच प्रश्न विचारतो. लोक अडखळतात, पेन चांगलं आहे वगैरे बोलतात. तो पेन काढून घेतो, पुढच्याला देतो. मग कॅमेरा त्याला सोडून प्रेक्षकांकडे वळतो आणि तिथंच थांबतो: तोंड थोडंसं उघडं ठेवून, आशेनं वर बघणारी साधी माणसं. त्याला स्टेजवर बोलावणारा निवेदक म्हणून खुद्द खरा जॉर्डन बेलफर्ट उभा आहे, हा स्कॉर्सेसीचा खास चावटपणा. पेन कोणीच विकत नाही. त्या हॉलमध्ये एकच गोष्ट विकली गेलीय, ती म्हणजे तिकीट. आणि ते या लोकांनी विकत घेतलंय. स्कॉर्सेसीनं शेवटची फ्रेम ज्यांच्यावर ठेवली त्याच लोकांनी पहिल्या सीनची रील बनवून पाठ केली. आमच्या टेबलासमोर आलेली आठ मुलं त्या फ्रेमच्या पुढच्या रांगेतली होती. आणि खरं सांगायचं तर आम्हीही त्यांच्यातलेच, कारण तेच उत्तर आलं की सेल्स हेड खूश व्हायचे आणि रकान्यात चार लिहायचे. प्रश्नाचा पासवर्ड झाला होता. तो माहीत असलेला आत.

त्याच आठवड्यात माझा मावसभाऊही सेल्सच्या मुलाखतींची तयारी करत होता. असल्फ्याला राहतो, बी.कॉम. झालाय. त्यानं मला व्हॉट्सॲपवर प्रश्नांची यादी पाठवली, पुढं पाठ करायची उत्तरं. तुमची कमजोरी काय? (मी जरा जास्तच परफेक्शन बघतो.) आधीची नोकरी का सोडली? (ग्रोथसाठी.) टार्गेट चुकलं तर? (सर, माझं चुकत नाही.) सेल्सच का? (मला माणसांशी बोलायला आवडतं.) आणि तळाशी त्यानं स्वतः घातलेला एक प्रश्न, ज्याच्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं: कस्टमरशी खोटं बोलाल का?

"दादा, याला काय म्हणायचं? हो म्हटलं तर खोटारडा, नाही म्हटलं तर सेल्सला बिनकामाचा."

मी म्हटलं, बघून सांगतो. आणि मला सवय आहे तसं, पुस्तकांत आणि सिनेमांत शोधायला लागलो. वाटलं होतं की मुलाखतीचे सीन म्हणजे टाइमपास. पण एका ओळीत लावून बघितले तर एक विचित्र गोष्ट दिसते. चांगल्या कलाकृतीत मुलाखतीतला अवघड प्रश्न खरा अवघड प्रश्न नसतो. तो नंतर येतो, नोकरी लागल्यावर, आणि तेव्हा समोर पॅनल नसतं.

आपल्याकडचं मुलाखतीचं सगळ्यात प्रसिद्ध गाईड म्हणजे 'गोलमाल' (१९७९). सेल्सची नाही, हिशेबाची नोकरी आहे, पण पद्धत तीच. रामप्रसाद शर्माला, म्हणजे अमोल पालेकरला, आधीच बातमी मिळते की भवानीशंकरला मॉडर्न कपडे चालत नाहीत, खेळांचं वेड चालत नाही आणि मिशी नसलेला पुरुष तर नाहीच चालत. मग हा उसना आखूड कुर्ता घालून जातो आणि त्या आखूडपणाचंही देशहिताचं स्पष्टीकरण देतो, कापड वाचतं म्हणून. पेलेचं नाव काढल्यावर पेले कोण हेच माहीत नसल्याचा आव आणतो, आणि हा खेळांचा एवढा वेडा. आपण हसतो, कारण उत्पल दत्त विरघळताना दिसतात. हृषिकेश मुखर्जी मात्र हसवता हसवता बिल फाडतात. एका मुलाखतीत दिलेली उत्तरं सांभाळायला पुढं एक जुळा भाऊ काढावा लागतो, एक आई उसनी आणावी लागते, मिशी चिकटवावी लागते. "जरा जास्तच परफेक्शन बघतो" असं सांगून नोकरी मिळवलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या अप्रेझलला काय होतं ते. शेवट गोड आहे कारण सिनेमा गोड आहे. माझी तक्रार एवढीच की भवानीशंकरच्या प्रश्नांना मूर्खपणा म्हणून सोडून दिलं जातं. मिशीवरून माणूस पारखणारा विक्षिप्त म्हातारा, हसा आणि घरी जा. अशा प्रश्नांना वापरही असतो, तो मुखर्जींनी सोडला.

तो वापर सत्यजित राय यांनी दाखवला, नऊ वर्षं आधी. 'प्रतिद्वंदी' (१९७०) मध्ये सिद्धार्थला पॅनल विचारतं की गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती. तो म्हणतो, व्हिएतनामचं युद्ध. पॅनलला अपेक्षा चंद्रावर उतरण्याची. तो नीट समजावतो: तंत्रज्ञान जिथं पोचलं होतं ते बघता चंद्रावर माणूस जाणं अपेक्षित होतं, साध्या माणसांचा एवढा प्रतिकार मात्र अपेक्षित नव्हता. विचार करून दिलेलं, पायऱ्या दाखवलेलं उत्तर. आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत असं उत्तर कोणी दिलं तर आम्ही त्याला लगेच घेऊ. पॅनल काय विचारतं? तू कम्युनिस्ट आहेस का. म्हणजे पहिला प्रश्न नुसतं झाकण होता, खाली हा दुसरा होता.

सहा वर्षांनी 'जन अरण्य' (१९७६). सोमनाथला मुलाखतीत चंद्राचं वजन विचारतात. तो विचारतो, याचा नोकरीशी संबंध काय? ते आम्ही ठरवू, अशा अर्थाचं उत्तर मिळतं. दोन्ही सिनेमांत चंद्र आला हा योगायोग असू शकतो, पण मला तो मुद्दाम वाटतो. पहिल्या सिनेमात चंद्र निदान वाद घालण्याजोगा विषय आहे. दुसऱ्यात त्याचा नुसता आकडा उरलाय. विचार करणाऱ्या मुलाला बाहेर काढायला पहिल्यांदा राजकारणाचा प्रश्न लागला, दुसऱ्या वेळी तेवढंही लागलं नाही. (असले प्रश्न काही कलकत्त्याचा शोध नव्हेत. थॉमस एडिसन १९२१ मध्ये नोकरीसाठी आलेल्यांना दीडशेच्या आसपास सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचा. त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला टाकला, तर तो म्हणाला की पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. आमच्या धंद्यातही गटाराची झाकणं गोल का असतात हे विचारायची फॅशन होती. २०१३ मध्ये गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनीच सांगून टाकलं की असल्या कोड्यांवरून माणसाच्या कामाविषयी काहीही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं तेवढंच.)

आता राय यांचे हे दोन तरुण शेवटी काय होतात ते बघा. सिद्धार्थ औषधं विकतो. कलकत्ता सोडून बालुरघाटला, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. सोमनाथ ऑर्डर सप्लायर, म्हणजे कुणाकडून तरी घ्यायचं आणि कुणाला तरी विकायचं, मधले पैसे आपले. मधल्या 'सीमाबद्ध'चा (१९७१) नायक तर पंख्याच्या कंपनीत सेल्स मॅनेजरच आहे. कलकत्त्याची त्रयी म्हणून आपण ज्यांच्याबद्दल नक्षलवाद, बेकारी, शहर वगैरे बोलतो ते तिन्ही सिनेमे सेल्सवर येऊन पोचतात, हे मला यापूर्वी कधी दिसलं नव्हतं. जिथं बाकी कुठं घेतलं नाही तिथं सेल्समध्ये घेतात. आपल्याकडेही हेच नाही का? मुलगा काय करतो या प्रश्नाला मुंबईतल्या मराठी घरात "सध्या सेल्समध्ये आहे" असं उत्तर येतं तेव्हा त्यातला 'सध्या' ऐका. आणि त्याच बिल्डिंगच्या गेटवर पाटी असते की सेल्समनना प्रवेश नाही.

सोमनाथला या धंद्यात आणतो तो बिशूदा. केळ्याच्या सालावरून पाय घसरून पडलेल्या बेकार पोराला उठवणारा, प्रेमळ, गोल चेहऱ्याचा माणूस. ही भूमिका उत्पल दत्त यांची. तीन वर्षांनी भवानीशंकर होऊन ते अमोल पालेकरची मुलाखत घेतात. एकच नट, एकदा दार अडवून उभा आणि एकदा दार उघडून देणारा. आणि दोघांत जास्त घातक कोण, तर दार उघडून देणारा. कारण 'जन अरण्य'मधला खरा अवघड प्रश्न बिशूदाच्या दुनियेत पुढं येतो. एका मिलला कापड शुभ्र करायचं रसायन पुरवायची मोठी ऑर्डर, आणि ती देणाऱ्या गोएंकाला खूश करायला एक बाई हवी. सोमनाथ रात्रभर हिंडतो. शेवटी जी मुलगी गाडीत बसते ती त्याच्या मित्राची, सुकुमारची बहीण निघते. तो तिला पैसे देऊ करतो, जा म्हणतो, ती नाही म्हणते. ऑर्डर मिळते. घरी येऊन तो वडिलांना सांगतो, आणि वडिलांना बरं वाटतं. 'कस्टमरसाठी तुम्ही कुठपर्यंत जाल?' हा प्रश्न आमच्या फॉर्मवर अठरा नंबरला आहे. सगळे सांगतात, शेवटपर्यंत सर.

पेनकडे परत येतो. 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) हे आर्थर मिलरचं नाटक बहुतेकांना विली लोमनसाठी आठवतं: चौतीस-पस्तीस वर्षं एकाच कंपनीसाठी गाडी हाकत विकत फिरलेला आणि शेवटी पोरवयाच्या मालकानं काढून टाकलेला. तो नेमकं काय विकतो हे मिलरनं अख्ख्या नाटकात सांगितलेलं नाही. मला मात्र या वेळी त्याचा मुलगा बिफ सापडला. बिफ आपल्या जुन्या मालकाला, बिल ऑलिव्हरला, भांडवल मागायला जातो. घरात सगळ्यांची समजूत आहे की तो तिथं सेल्समन होता. सहा तास बाहेर बसतो. ऑलिव्हर येतो, बघतो आणि ओळखतसुद्धा नाही. मग बिफ रिकाम्या केबिनमध्ये शिरतो, टेबलावरचं फाउंटन पेन उचलतो आणि अकरा मजले उतरत पळतो. वाटेत त्याच्या लक्षात येतं की तो तिथं सेल्समन कधी नव्हताच, माल पाठवणारा कारकून होता, आणि ते कारकुनी पेन आता त्याच्या हातात आहे असं नाही, तर मालकाचं आहे. विकून दाखवायचं सोडा, मुलाखत झालीच नाही, आणि पेन चोरलं. मला हा प्रसंग बेलफर्टच्या पेनपेक्षा दहापट खरा वाटतो. वॉक-इनला सहा तास बसलेल्या कुणालाही वाटेल. 'प्रतिद्वंदी'त तर बाहेर खुर्च्या नाहीत, उकाड्यात रांग, कोणीतरी चक्कर येऊन पडतं, आणि सिद्धार्थ आत घुसून टेबल उलटं करतो. बिफ पेन उचलतो, सिद्धार्थ टेबल. आमच्याकडे पंखा होता आणि पाण्याचा कूलर होता, पण शेवटच्या उमेदवाराची वेळ साडेअकराची होती आणि तो आत आला साडेचारला.

इथं एक कोरडी गोष्ट सांगतो, कारण मावसभावाला तिचा उपयोग झाला. नील रॅकहॅम नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९८८ मध्ये 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक काढलं. त्याच्या टीमनं १२ वर्षांत ३५,००० विक्रीभेटी तपासल्या होत्या. लहानसहान वस्तू विकताना गळ टाकून झटपट व्यवहार बंद करायच्या युक्त्या चालतात. मोठ्या, महागड्या विक्रीत त्याच युक्त्या उलट नुकसान करतात, तिथं विकणारा काय विचारतो याला महत्त्व. आधी समोरच्याची परिस्थिती, मग अडचण, मग त्या अडचणीचं किती पडतं, मग ती सुटली तर काय होईल. म्हणजे पेनचा प्रश्न मुळातच चुकीची परीक्षा आहे. दहा रुपयांचं पेन विकायची हातचलाखी दुकानदाराच्या पुढच्या पाच वर्षांच्या हिशेबाला लावून बघायची. आमचं सॉफ्टवेअर वर्गणीचं आहे. पहिल्या दिवशी जिंकलेला दुकानदार तीन महिन्यांनी फोन उचलायचा बंद होतो, आणि त्यानं ज्या बग्सच्या नावानं शिव्या घातल्या त्यातले निम्मे बग नसतातच. ती विकताना दिलेली वचनं असतात. हे मी सांगू शकतो, कारण ती तिकिटं माझ्याकडे येतात.

'रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर' (२००९) इथं आठवणं भाग आहे. शिमित अमीनचं दिग्दर्शन, जयदीप साहनीची पटकथा, आणि मुंबईतल्या कॉम्प्युटर जुळवून विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस इतकं ओळखीचं की मला आमच्या जिन्यातला वास आला. कमी मार्कांचा हरप्रीत सिंग बेदी तिथं लागतो. त्याचा अवघड प्रश्न पहिल्या दिवसांतच येतो: ग्राहक कंपनीतला माणूस लाच मागतो. हरप्रीत त्याच कंपनीच्या तक्रारपेटीत तक्रार टाकतो. बॉस सगळ्यांदेखत त्याला शून्य ठरवतो, सहकारी त्याच्यावर कागदी रॉकेट फेकतात. इथपर्यंत सिनेमा पोलादी आहे. पुढं तो त्याच ऑफिसात बसून, मालकाच्याच फोनवरून स्वतःची छुपी कंपनी काढतो, प्रामाणिक सेवा देतो आणि जिंकतो. पुरी ती कंपनी एक रुपयात गिळतो, पण ग्राहक सांभाळता येत नाहीत म्हणून परत देतो. मला हा सिनेमा फार आवडतो, आणि तरी इथं तो मला थोडं खोटं विकतो असं वाटतं. प्रामाणिकपणा हीच जास्त चांगली सेल्स स्ट्रॅटेजी, असं म्हटलं की प्रश्न सुटला. पण ती नसती तर? सोमनाथला ती नव्हती. जयदीप साहनीनं हरप्रीतला जे वाचवलं ते राय यांनी सोमनाथला वाचवलं नाही, आणि त्यामुळेच 'जन अरण्य' संपल्यावर मी रात्री दोनला खैरानी रोडवरून उगाच चालून आलो. एकच म्हणतो, हरप्रीतचे गिरी, कोयना आणि छोटेलाल, म्हणजे इंजिनिअर, रिसेप्शनवरची मुलगी आणि चहा देणारा, यांना ज्या सिनेमानं विक्रीतले भागीदार केलं तो सिनेमा ऑफिस नीट बघून लिहिलेला आहे.

साडेचारला आलेला तो मुलगा शेवटचा उमेदवार होता. जरीमरीचा. आधी एका मोबाईलच्या दुकानात काम केलेला. सेल्स हेडनी पेन ठेवलं. त्यानं ते उचललं नाही.

"सर, तुम्हाला पेन नकोय," तो म्हणाला. "तुमच्या खिशात अजून एक आहे. बाहेर रिसेप्शनला हवंय. मी पाच तास बसलो होतो, त्या रजिस्टरवर सही करायला एकच पेन आहे, दोऱ्यानं बांधलेलं, आणि ते मधेच बंद पडतं. कुरिअरवाले आपलं पेन काढतात. मॅडमना डझनभर विकू शकतो, रिफिलसकट. तुम्हाला विकलं तर तुम्ही माझ्यावर उपकार म्हणून घ्याल, परत घेणार नाही."

रॅकहॅमनं पाठ थोपटली असती. मी त्रिकोण काढायचे थांबलो. सेल्स हेड हसले नाहीत. ते म्हणाले, "मी तुला *मला* विकायला सांगितलं होतं." मग त्यांनी अठरा नंबरच्या आसपासचे प्रश्न घेतले, आणि शेवटी तो आला. दुकानदार विचारतो, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अमुक सोय आहे का. नाहीये. समोर चेक लिहून तयार आहे. काय सांगाल?

"विचारून सांगतो म्हणेन."

"आणि तो म्हणाला आत्ता सांग, नाहीतर दुसऱ्याकडून घेतो?"

मुलानं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या नावासमोर 'टेक' लिहिलंय हे त्यानं वाचलेलं असणार. "मग नाहीये म्हणेन सर. कारण नंतर फोन मलाच येणार. दुकानात असताना मी एकाला वॉटरप्रूफ म्हणून फोन दिला होता, मालकानं सांगितलं म्हणून. तो माणूस आमच्याच गल्लीत राहतो. मी अजून पलीकडच्या रस्त्यानं जातो."

तो गेल्यावर सेल्स हेड म्हणाले, "चांगला आहे, पण वाद घालणारा वाटतो. फील्डवर हो म्हणणारा लागतो. तुला काय वाटतं?" मला जे वाटत होतं ते मी तुम्हाला वर अडीच पानं सांगितलंय. तिथं मी म्हणालो, "प्रॉडक्ट समजेल त्याला." 'टीममध्ये बसेल का' या रकान्यात त्यांनी दोन लिहिलं होतं, मी तीन लिहिलं. पाचपैकी. चार लिहिलं असतं तर सरासरीत तो आत आला असता, हे मी नंतर शीटमध्ये घालून बघितलं. पुढच्या महिन्यात आमच्या वाढीची बोलणी होती आणि सेल्स हेड त्या कमिटीवर होते. हे कारण मी त्या क्षणी मोजलं होतं का? मोजलं होतं.

घेतलेल्या चार जणांपैकी एकानं ऑगस्टमध्ये मुलुंडच्या एका हार्डवेअरवाल्याला सांगितलं की आपलं सॉफ्टवेअर नेट नसताना पण चालतं. ते तिकीट माझ्याकडे आलं. मी चार रात्री बसून अर्धवट चालेल असं काहीतरी बनवलं.

मावसभावाला मी शेवटच्या प्रश्नापुढं लिहून पाठवलं: 'नाहीये म्हणेन, कारण नंतर फोन मलाच येणार.' त्याला ते आवडलं. म्हणाला, "भारी आहे दादा, पाठ करतो." मी म्हटलं, पाठ नको करू, तुझं असं काही घडलंय का ते आठव. त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग त्यानं विचारलं की ज्या कंपनीत तो जातोय तिथं पॅनलवर माझ्यासारखं कोणी टेकवालं असेल का.